नाकातलं शिसं

मोठ्या भावावर हात उगारणारा माणूस मी नाही. तापट आहे, मान्य. गिऱ्हाइकाशी भांडतो, बायकोशी भांडतो, लाइट गेली की वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण दादासमोर आवाज कधी चढवला नव्हता. गेल्या माघात एका सकाळी, आमच्या गावच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटाशेजारी, पन्नास-साठ माणसांच्या देखत माझा हात वर गेला. दादानं तो अडवला नाही, मागंही सरला नाही. नुसता बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, मी का चिडलोय हेच त्याला कळत नव्हतं. ते डोळे अजून आठवतात.

तेव्हा वाटलं होतं, आज याच्याहून वाईट काही घडायचं शिल्लक नाही. कसलं काय! अजून तासही गेला नव्हता तर दुसरा धक्का बसला, आणि त्यातून मी आजपर्यंत सावरलेलो नाही.

जुन्नरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळल्या की माझ्याकडे येतात. रविवारी दुकान बंद करून मी घाटघरच्या पठारावर जातो आणि रिमोटची विमानं उडवतो. थर्माकोलची, स्वस्तातली. पडलं तर चिकटपट्टी लावायची आणि परत उडवायचं. "पन्नाशी गाठली तरी ह्यांची खेळणी सुटंनात," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी म्हणतो, दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, एवढं एक राहू दे की बाई.

दुकानापासून चार घरं सोडून चाचा राहतात. माझे नात्यानं कुणी नाहीत, सगळी आळीच त्यांना चाचा म्हणते. जुन्नरात एके काळी हाताने कागद करायचे, ते करणारं त्यांचं घराणं. कागद बंद पडला तसे चाचा पुस्तकं बांधायला लागले, संक्रांतीच्या आधी पतंग करायला लागले. माझी वाइंडिंगच्या हिशेबांची जुनी वही, म्हणजे कुठल्या मोटारीला किती फेरे तारेचे घालायचे ती, पार सुटी झाली होती. ती बांधायला घेऊन गेलो तर चाचा म्हणाले, "ते विमानं उडवणारा तूच ना रे?" आणि माळ्यावरून एक लांबुळका खोका काढायला लावून माझ्यापुढं ठेवला.

खोक्यावर चित्र होतं. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन हे लढाऊ विमान. पाठीला मातकट आणि हिरवे पट्टे, पोटाला आभाळी निळा. चाचांचा धाकटा भाऊ बोटीवर कामाला होता, त्यानं चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदरातून आणलेलं. "सुट्टीला आलो की दोघं मिळून बांधू" म्हणाला आणि पुढच्याच फेरीत तापानं गेला. खोका कुणी उघडलाच नाही.

मी उघडला. आत बाल्सा लाकडाच्या फळ्या, पापडासारख्या हलक्या. पिवळा पडलेला नकाशा, त्यावर प्रत्येक बरगडीला आकडा. तेलकट कागदात गुंडाळलेलं मुठीएवढं इंजिन. हे पुस्तकांत बघितलेलं, लोकांकडून ऐकलेलं. करणारी कंपनी बंद होऊन जमाना झाला. एक फळी मोडली तर दुसरी मिळायची नाही.

"बांधशील?" चाचा म्हणाले. "एकदा ते उडताना बघायचंय. बास."

वर्ष लागलं. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं, नकाशा पसरला आणि संध्याकाळी दोन-दोन तास आम्ही दोघं बसायचो. बाल्सा जुना झाला की ठिसूळ होतो, पातं जरा तिरकं गेलं की कडा चुरते. सांगाडा मी जोडायचो. त्यावर कागद चढवायचं काम चाचांचं. खोक्यातला कागद हात लावताच भुगा झाला होता, मग चाचांनीच कुठून तरी पातळ, चिवट कागद मिळवला. कागद चिकटवायचा, वरून पाणी शिंपडायचं, वाळताना तो आपोआप ताणला जातो आणि ढोलकीसारखा वाजतो. त्यावर लाखेचे हात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते सगळं चाचांच्या बोटांत होतं.

शेवटी राहिलं नाक. हरिकेनचं नाक आखूड असतं, त्यामुळं शेपूट जड पडते. पंखाखाली ठरलेल्या जागी दोन बोटं लावून विमान उचललं तर ते सरळ राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर विमान उडतं, पण मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून नाकात शिसं भरतात. डिंभे धरणावरच्या कोळ्याकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, वितळवल्या, पावशेराची एक वडी केली आणि इंजिनाखाली पत्र्याच्या पट्टीनं स्क्रूनं घट्ट बसवली. वरून टोपण. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा." मी म्हणालो, या नाकाला असलाच मोती लागतो.

पण हे सगळं आम्ही निवांत करत नव्हतो. श्रावणात चाचांना काचबिंदू निघाला होता. मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची, किती दिवस जपता येईल ते सांगता येत नाही. चाचांना तेव्हा समोरचं दिसायचं, कडेचं गेलं होतं. येताना जीपमध्ये मला म्हणाले, "लवकर कर."

झालं! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच. दुकानात मोटारींचा ढीग साठला, गिऱ्हाइकं शिव्या घालायला लागली. मला एकच दिसत होतं, चाचांचे डोळे आहेत तोवर विमान आभाळात गेलं पाहिजे. नंतर कितीही उंच उडवलं तर काय उपयोग?

घाटघरला वारा फार, जुन्या विमानाला तो झेपला नसता. सरळ, मऊ, मोकळी जागा एकच, आमच्या गावचा बैलगाडा घाट, म्हणजे शर्यतीत बैल पळवतात ती धावपट्टी. शिनोलीच्या अलीकडे आमचं गाव. शेती दादा करतो, आणि शेतीपेक्षा जास्त शर्यतीचे बैल करतो. यात्रा चैत्रात, तोवर घाट रिकामा. दादाला विचारलं तर लहान पोरासारखा खूश. "आण की! त्या लढाईच्या इमानाची पयली बारी आपल्या घाटात! लोकं नाव काढतील."

आदल्या दिवशी विमान घेऊन गावाला गेलो. संध्याकाळी दादाच्या पडवीत पंख जोडले, दोन बोटांवर तोल बघितला. एकदम सुतात. दादानंही ते उचलून बघितलं. म्हणाला, "मागनं हलकं हाय, पर नाकाला जड लागतंय रं. असं का?"

मी दिवसभराचा दमलेलो. म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं? तू तुझे बैल बघ."

दादा हसला आणि त्यानं विमान खाली ठेवलं. एवढं एक वाक्य मी नीट बोललो असतो, एका मिनिटात समजावून सांगितलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तोंडाला कुलूप कुणी घालायचं?

पहाटे मी जीप घेऊन चाचांना आणायला जुन्नरला गेलो. चाचा नवा कुडता घालून, डोळ्यांना काळा चष्मा लावून ओट्यावर तयार. म्हणाले, "ऊन चढलं की डोळ्यांना काहीच सोसत नाही. लवकर उडव." मी जीप पळवली. घाटात पोचलो तर अर्धं गाव जमलेलं! दादानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "हे ड्रोन न्हाई बरं का, हे इमान हाय, खरं इंजिन हाय त्याला." विमानाला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, नाकावर भंडारा. सुटणाऱ्या बैलांची करतात तशी सगळी पूजा. मी हार काढला, लिंबं बाजूला केली. चाचांना घाटाच्या कडेला खुर्चीत बसवलं. ऊन डोंगरावरून खाली सरकत होतं. टाकीत इंधन भरलं, त्यातल्या एरंडेलाचा वास सुटला, इंजिन तिसऱ्या झटक्याला फाडफाड करत सुरू झालं.

तोल परत बघायला हवा होता. थर्माकोलचं स्वस्तातलं विमानसुद्धा मी कधी तोल न बघता सोडत नाही. आणि त्या दिवशी बघितला नाही. सूर्याकडं बघत होतो, चाचांकडं बघत होतो, घाई करत होतो.

विमान मातीवरून पळालं. शेपूट उचललीच नाही. मला वाटलं, नवीन आहे, जरा उशिरा उचलेल. तेवढ्यात ते थाडकन आभाळात गेलं. उडालं म्हणत नाही मी, उभंच्या उभं वर गेलं, रॉकेटसारखं. मागं लोकांनी एकच गिल्ला केला. दादा शर्यतीत ओरडतात तसा छाती फोडून ओरडला, "झाली झाली झालीऽऽ भिर्रर्रर्र!" टोप्या उडाल्या, भंडारा उधळला. सगळ्यांना वाटलं, काय जबरदस्त उडवतोय!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी रिमोटची काडी पुढं रेटत होतो, पार शेवटपर्यंत, आणि विमान नाक खाली घ्यायला तयार नाही. वर गेलं, लटकलं, एका अंगावर कोसळलं, अर्ध्यातून सावरलं, परत नाक वर, परत लटकलं. इंजिन कोकलत होतं. मग ते उलटं झालं आणि घाटाच्या पलीकडच्या उसात घुसलं. कडकड असा आवाज आला. इंजिन बंद. आणि इतका वेळ ओरडणारी सगळी माणसं एकदम चिडीचूप.

आमच्याकडं उसात कुणी तडक शिरत नाही, बिबट्या असायचा. पोरांनी पूजेची ताटं वाजवली, आरोळ्या दिल्या, मगच आम्ही आत गेलो. डावा पंख मुळापासून तुटलेला, बरगड्यांचा भुगा. शेपूट एका बाजूला. नाकाचं टोपण उघडं पडलेलं. मी आत बघितलं. इंजिन होतं. पट्टी होती. शिसं नव्हतं.

मला आधी वाटलं, आदळल्यावर निखळलं असेल. पण स्क्रू नीट पिळून बसवलेले, पट्टी सरळ. कुणीतरी व्यवस्थित काढलं होतं. मी असा ओरडलो की उसातली पाखरं उडाली. "कुणी हात लावला याला? कुणी!"

"मी," दादा म्हणाला.

मागं उभा होता, घामाघूम. आणि मला समजावून सांगायला लागला, अगदी मन लावून. पहाटे धारा काढून झाल्यावर पूजा मांडली. गाड्याच्या कण्याला आतून भंडारा लावतात, तसा इंजिनाला लावावा म्हणून टोपण काढलं. तर आत शिशाची वडी! "पावशेर वजन, राव! माझ्या गाड्याला एक खिळा जास्तीचा घावला तरी मी उपटून टाकतो. वजन घिऊन कोण पळतंय का? मला वाटलं, तू इसरलास काढायला. काल मी म्हनलं बी व्हतं, नाकाला जड लागतंय. काढून टाकलं म्हनून तर एवढं वर गेलं ना? बघितलंस न्हवं कसं गेलं?"

आणि कोपरीच्या खिशातून ती वडी काढून त्यानं माझ्यापुढं धरली. जपून ठेवली होती.

तेव्हा माझा हात वर गेला.

तो खाली कसा आला ते मला सांगता येणार नाही. मारलं नाही एवढं खरं. मी वडी हिसकावून घेतली, आणि शिशाबद्दल, तोलाबद्दल, जे काल सांगायचं होतं ते सगळं आत्ता बोंबलून सांगितलं. दादाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बैलांना आयुष्यभर दुसऱ्याचा हात लागू न देणारा माणूस तो, आपण काय केलं हे त्याला कळलं तेव्हा मटकन सरीत बसला. "लई वंगाळ झालं," एवढंच म्हणाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला त्याची दयाही येईना. डोक्यात एकच, चाचांना आता काय तोंड दाखवू?

उसातून बाहेर आलो. चाचा एकटेच खुर्चीत. गाव उसाकडं धावलेलं, आणि चाचा मात्र अजून घाटाच्या तोंडाकडंच बघत बसलेले, जिथून विमान सुटलं तिकडं.

"इंजिन बंद का झालं?" त्यांनी विचारलं. "उतरलं का?"

"पडलं, चाचा. तुटलं." मी म्हणालो. "पण वर गेलेलं तरी नीट दिसलं ना? तेवढं तरी?"

चाचांनी तोंड आभाळाकडं वळवलं. मग म्हणाले, "वर गेल्यावर पोट दिसतं का रे खालून? चित्रात निळं आहे ना. ते आभाळात कळून येतं का?"

"म्हणजे? तुम्ही बघितलं नाही?"

"दिवाळीपासून काहीच दिसत नाही मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दिवाळीपासून? आता माघ चालू होता. तीन महिने हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसत होता! भिंतीला हात लावत यायचे, मी म्हणायचो गुडघे दुखत असतील. नकाशावरचे आकडे मला वाचायला लावायचे, मी म्हणायचो बारीक आहेत. अख्खा डावा पंख त्यांनी दिवाळीनंतर मढवला होता. आणि मला ते आठवलं. पंखाच्या टोकाला कागदाला एक सुरकुती राहिली होती, आणि मी, घाईनं डोकं फिरलेला मी, त्यांच्यावर ओरडलो होतो, "चाचा, डोळे फुटले का तुमचे?"

खाली मातीत बसलो. त्या दिवशी चाचा हसले होते आणि बोटानं सुरकुती शोधत कागद परत ओला करायला घेतला होता.

"सांगितलं का नाही?" मी म्हणालो. "अहो, मी मर मर घाई केली. तुम्हाला दिसावं म्हणून. तोलसुद्धा बघितला नाही मी! आणि तुम्ही..."

"सांगितलं असतं तर कागद माझ्या हातात दिला असतास का?"

दिला नसता.

"घरात सून हातातला कप काढून घेते," चाचा म्हणाले. "सांडेल म्हणते. मुलगा सुई लपवतो. चांगली आहेत पोरं, काळजीनं करतात. बस म्हणतात, पडून राहा म्हणतात. कुणी ओरडत नाही आता माझ्यावर. तू तेवढा ओरडायचास. ताण नीट, तिकडं लाख कमी पडली, डोळे फुटले का. त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो मी."

दादा मागं येऊन उभा होता. हातात शेपटीचा तुकडा. त्यानं सगळं ऐकलं होतं. घसा साफ केला आणि म्हणाला, "कळत व्हतं, चाचा. निळं. वर गेलं तवा पंखच दिसंना झालं, आभाळच झालं व्हतं त्येचं. मग जरा वळलं, तवा हिरवं चमाकलं."

चाचांनी मान हलवली. दोनदा हलवली. मी? रिमोट माझ्या हातात होता, दोन्ही डोळे शाबूत, आणि त्या विमानाचा रंग मला अजिबात आठवत नव्हता.

चाचांनी खुर्चीचे हात धरले आणि उठायला लागले. "चल, ने मला उसात. किती बरगड्या शाबूत आहेत ते हात लावून बघतो. कागद अजून आहे घरी. पंख नवा करू."

समोर उसापर्यंत नांगरलेलं रान होतं, सगळी ढेकळं. आत पाचट, धारदार पातीचं. मी झटकन उठलो, त्यांचा खांदा धरला.

"नको चाचा, तुम्ही बसा इथं," मी म्हणालो. इतक्या हळू आवाजात मी आयुष्यात कुणाशी बोललो नसेन. "तुम्ही कशाला त्रास घेता? मी आणतो सगळं."

चाचा अर्धवट उठलेले तसेच थांबले. मग परत खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बघ," ते म्हणाले, "तुझंही सुरू झालं."